केसांवर इस्त्री फिरवण्याआधी



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या भाचीला बघायला चिपळूणहून पाहुणे यायचे होते. जोहरची नमाज आटोपून निघतो, असा त्यांचा निरोप होता. घरात फजरपासूनच धावपळ सुरू होती. भाची न्हाऊन आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिचे केस दाट, कुरळे आणि कमरेपर्यंत लांब. जुलैच्या दमट हवेत असे केस सुकायला तीन-चार तास सहज लागतात. तेवढा वेळ कुणाला होता? चुलत बहिणीकडून मागून आणलेला स्ट्रेटनर तिने प्लगला लावला आणि आकडा थेट शेवटच्या २३०वर नेला. पहिलीच बट प्लेटमध्ये दाबली तसा चुर्र आवाज झाला, वाफ निघाली आणि जळक्या पिसांसारखा वास घरभर पसरला. तिने मशीन खाली ओढली, तर बटेचा वीतभर तुकडा प्लेटमध्येच राहिला.

पोरगी रडायला लागली. माझी आपा, म्हणजे तिची आई, दारातून म्हणाली, "आता पाहुण्यांना काय दाखवायचं?"

पाहुणे आले. दीड तास बसले, चहा-सामोसे झाले, गप्पा झाल्या. त्या पूर्ण दीड तासात भाचीच्या डोक्यावर ओढणी होती. तिचे केस सरळ आहेत की कुरळे, हे कुणाला दिसलंसुद्धा नाही!

त्या रात्री मला झोप लागली नाही. या सदरात मी अभ्यास, परीक्षा, मुलांच्या सवयी यांवर लिहिते. पण घराघरात ईदला, निकाहाला, मंगनीला हे मशीन निघतं आणि ते कसं निवडावं, कसं वापरावं हे पोरींना कुणी सांगत नाही. म्हणून आज केसांविषयी. आधी मशीनविषयी लिहिते, मग आपल्याविषयी.

केस सरळ होतो म्हणजे काय होतं?

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला अगदी बारीक खवले असतात, कौलारू छपरावर कौलं एकावर एक रचलेली असतात तसे. आतल्या भागात प्रथिनांचे धागे असतात आणि ते एकमेकांना दोन प्रकारच्या बंधांनी बांधलेले असतात. एक प्रकार कच्चा, त्याला हायड्रोजन बंध म्हणतात. तो पाण्याने आणि उष्णतेने सुटतो आणि केस कोरडा व थंड झाला की पुन्हा जुळतो. दुसरा प्रकार पक्का, गंधकाचा. केस जळल्यावर जो उग्र वास येतो तो बराचसा या गंधकाचाच.

स्ट्रेटनर फक्त कच्चे बंध सोडवतो. गरम प्लेटने बंध सुटतात, केस ताणून सरळ होतो आणि थंड होताना तसाच बसतो. सुती कपड्याची सुरकुती इस्त्रीने जाते त्यातही हेच घडतं. म्हणूनच केसांना दमट हवा किंवा पाणी लागलं की ते पुन्हा आपल्या मूळ वळणावर जातात. जून ते सप्टेंबर आपल्या कोकणात किंवा मुंबईत सकाळी सरळ केलेले केस दुपारी फुगतात, तो मशीनचा दोष नव्हे.

आता ओल्या केसाचं बघा. केस ओला असताना त्याच्या आत पाणी असतं. दोनशे अंशांची प्लेट दाबली की त्या पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती केसाच्या आत बुडबुडे करते. तिथे केस पोकळ होतो आणि तुटतो. माझ्या भाचीच्या बटेचं हेच झालं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्वचेची जखम भरते, तसा जळलेला केस भरून येत नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत लांब केसाचं टोक चार-पाच वर्षांचं जुनं असतं. त्याने इतक्या वर्षांचं ऊन, तेल, शाम्पू, कंगवा सोसलेलं असतं. टोकाला मुळाइतकी उष्णता झेपत नाही, आणि आपण नेमकी टोकांवरच मशीन चार-चार वेळा फिरवतो.

मशीन घेताना काय बघावं?

कपड्यांची इस्त्री आठवा. तिच्यावर एक, दोन, तीन ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. रेशमी दुपट्ट्यावर तीन ठिपक्यांची इस्त्री आपण कधीच फिरवत नाही. केसांचंही तसंच आहे. बारीक, विरळ, रंगवलेल्या किंवा आधीच कोरड्या पडलेल्या केसांना १५० अंशांच्या आसपास पुरे. मध्यम केसांना १५० ते १८०. दाट, जाड, कुरळ्या केसांना १८० ते २००. त्यापुढचे आकडे घरात लागत नाहीत. 'काळी मेहंदी' म्हणून जी पुडी मिळते तिच्यात बहुधा रासायनिक रंग असतो, म्हणून तसे केस रंगवलेलेच समजा.

यावरून पहिली अट ठरते: तापमान कमी-जास्त करता आलं पाहिजे आणि आकडा दिसला पाहिजे. ज्या मशीनला फक्त चालू-बंद एवढंच बटण आहे, ती किती तापते हे आपल्याला कळत नाही. अशी मशीन पाचशे रुपयांत मिळाली तरी महागच पडते.

दुसरी गोष्ट प्लेटची. सिरॅमिकची प्लेट सगळीकडे सारखी तापते, म्हणून नवख्या हाताला ती बरी. टायटॅनियमची प्लेट झटकन तापते आणि उष्णता झटकन केसाला देते. पार्लरमधल्या सरावाच्या हाताला ती चालते, घरी नवशिक्या पोरीच्या हाती नको. स्वस्त मशीनमध्ये ॲल्युमिनियमवर सिरॅमिकचा नुसता पातळ थर असतो. नॉनस्टिक तव्याचा थर जातो तसा तो काही दिवसांनी निघतो. मग उघड्या पडलेल्या जागी केस अडकतो आणि भाजतो. थर उडालेली मशीन वापरू नका, दुसऱ्या कुणाला देऊही नका.

तिसरी गोष्ट रुंदीची. खांद्यापर्यंतच्या केसांना एक इंच रुंद प्लेट पुरते. कमरेपर्यंतच्या दाट केसांना दीड ते दोन इंचांची घ्या, नाहीतर त्याच त्या बटेवरून दहा वेळा फिरवावी लागते. प्लेट बोटाने हलकेच दाबून बघा (मशीन बंद असताना!). ती किंचित आत जात असेल तर बरं, कारण दाब सगळीकडे सारखा पडतो. कडा गोलसर असाव्यात. वायर पुरेशी लांब आणि मशीनशी जोडते तिथे फिरणारी असावी, म्हणजे पीळ पडून तुटत नाही. काही वेळाने आपोआप बंद होण्याची सोय असेल तर दोनशे रुपये जास्त गेले तरी घ्या. घरात लहान मुलं असतात आणि लग्नाच्या गडबडीत मशीन चालूच राहून जाते.

दुकानातून घेताना आयएसआय खूण बघा, पक्कं बिल आणि वॉरंटीचं कार्ड घ्या. आपल्याकडे बऱ्याच घरी अशा वस्तू आखातातून येतात. दुबई, कुवेत, कतारची वीज आपल्यासारखीच २२०-२४० व्होल्टची असते, फक्त तिथला प्लग चौकोनी तीन पिनांचा असतो. त्या पिना आपल्या सॉकेटमध्ये कोंबू नका, चांगला अडॅप्टर घ्या. अमेरिका-कॅनडातून कुणी आणली असेल तर आधी मशीनवरचा शिक्का वाचा. फक्त ११० किंवा १२० व्होल्ट लिहिलं असेल तर ती इथे लावायची नाही. ११०-२४० लिहिलं असेल तर हरकत नाही.

एवढं पाहिल्यावर 'आयन', 'टूर्मलिन', 'नॅनो' असल्या डब्यावरच्या शब्दांसाठी दीड-दोन हजार जादा मोजायची गरज नाही. पैसे अल्लाहने दिलेली अमानत आहे, तीत इस्राफ नको.

वापरताना

आदल्या रात्री किंवा धुण्याच्या तास-दोन तास आधी खोबरेल तेल लावा. आपल्या नानी-दादींची ही सवय पक्की शास्त्रशुद्ध निघाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. त्यात केसांतून प्रथिन निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. पण हे तेल धुण्याच्या आधीचं. तेलकट केसांवर मशीन कधीच फिरवायची नाही. तेल तापतं, धूर होतो आणि केस तळल्यासारखे होतात.

धुतल्यावर कंडिशनर लावा. खरखरीत टॉवेलने रगडू नका, जुन्या सुती ओढणीने दाबून पाणी टिपा. मग केस पूर्ण सुकू द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण. वरून कोरडे वाटले तरी मानेजवळ आत हात घालून बघा. ज्या दिवशी वेळ नाही त्या दिवशी स्ट्रेटनर नाही, हा नियमच करा.

उष्णतेपासून रक्षण करणारा स्प्रे किंवा सीरम मिळतो. त्यात बहुधा सिलिकोन असतं. त्याचा पातळ थर केसावर बसतो, केसाला उष्णता जरा हळू लागते आणि मशीन घासत नाही. ते ढालीसारखं काम करत नाही, नुकसान कमी करतं इतकंच. स्प्रे मारून २३० अंशांवर फिरवलं तर केस जळणारच. ओलसर केसांना लावायचं की कोरड्या, ते बाटलीवर वाचा आणि लावल्यावर तो सुकेपर्यंत थांबा.

केस आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवा. एकेक इंचाच्या बटा घ्या. मुळापासून इंचभर जागा सोडा, टाळू भाजायला नको. मशीन एका जागी थांबवू नका, वरून खाली एकाच संथ गतीने न्या. एक फेरी, फार तर दोन. टोकाशी आल्यावर पटकन सोडा. चुर्र आवाज आला तर केस ओला आहे. जळका वास आला तर आकडा जास्त आहे. दोन्ही वेळा हात थांबवायचा.

झाल्यावर केस थंड होऊ द्या. गरम असतानाच अंबाडा घालून स्कार्फ बांधला तर ती घडी तशीच बसते. एरवीही ओले केस घट्ट बांधून वर हिजाब घालायची सवय बऱ्याच मुलींना असते. ओला केस ताणाला कमजोर असतो. रोज एकाच जागी घट्ट ओढला तर कपाळाजवळची आणि कानामागची रेघ मागे सरकू लागते. सकाळच्या शाळेच्या मुली मी वर्गात बघते, दहावीतच कपाळ मोठं दिसायला लागलेलं असतं. रात्री न्हा, केस सुकवा आणि सैल वेणी घाला.

आठवड्यातून एकदा पुरे. रोज नको. दहा-बारा वर्षांच्या मुलींना तर नकोच. आणि हात किंवा मान भाजली तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. फोड मोठा असेल तर डॉक्टरकडे जा.

पार्लरमधलं 'केराटिन', 'स्मूदनिंग' हा वेगळा प्रकार आहे, तो रसायनांचा. अशा काही द्रव्यांना मशीनची उष्णता लागली की फॉर्मल्डिहाइड नावाचा घातक वायू निघतो. अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत केस सरळ करण्याची रसायनं वारंवार वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. ते निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. रसायनामुळेच कर्करोग झाला असं त्यातून सिद्ध होत नाही, पण सावध व्हायला एवढं पुरेसं आहे. लग्न ठरलं म्हणून पाच-सहा हजार मोजून हे करून घेण्याआधी शंभरदा विचार करा. पोटात बाळ असेल तर नाहीच.

नमाज आणि केस

एका निकाहात मी पाहिलेलं सांगते. अस्रनंतर पाच-सहा पोरींनी केस सरळ केले. मगरिबची अजान झाली. सगळ्या एकमेकींकडे बघत बसल्या. एक हळूच म्हणाली, "वजू केलं तर केस बिघडतील."

पोरींनो, वजूत डोक्याचा मसह असतो, डोकं धुवायचं नसतं. ओला हात फिरवायचा, पाणी ओतायचं नाही. कोकणातल्या आपल्या शाफई घरांत डोक्याच्या थोड्याशा भागावर हात फिरला तरी फर्ज अदा होतं. हनफी घरांत डोक्याचा पाव भाग. हात झटकून मसह केला तर पुढच्या चार केसांना वळण येईल, बस्स. त्या चार केसांसाठी मगरिब सोडायची? त्याहून सोपं म्हणजे वजू आधी करा, केस नंतर. वेळेचं गणित बसवायला आपण शाळेत शिकतो ना!

केसांची निगा राखणं दीनच्या बाहेरचं नाही. ज्याला केस आहेत त्याने त्यांचा मान ठेवावा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. विस्कटलेल्या केसांनी राहणं त्यांना आवडत नसे, आणि सारखं सजण्यातच रमून जाणंही त्यांनी पसंत केलं नाही. निगा हवी, नाद नको. आपल्या मशीनलाही हाच नियम लावा.

आणि शेवटी, आपल्याविषयी

भाचीच्या त्या तुटलेल्या बटेवर मी बराच विचार केला. तिला कुरळे केस वाईट दिसतात हे कुणी शिकवलं? ती तीन वर्षांची असल्यापासून आम्हीच. न्हाऊ घालताना आपा म्हणायची, "काय या झिपऱ्या, अल्लाह!" मीही म्हटलंय. ईदला सरळ केसांच्या चुलत बहिणीचं कौतुक होताना ती कोपऱ्यात उभी असायची, हे मला आता आठवतं. शाळेतही मी कुरळ्या केसांच्या मुलींना म्हणायचे, "तेल लावून चप्प बसव ते." सरळ केसांच्या मुलीला मी असं कधी म्हटलं नाही.

हजरत अनस (रजि.) यांच्या कथनात येतं की प्रेषितांचे (स.) केस अगदी कुरळेही नव्हते आणि अगदी सरळही नव्हते. हे मी वर्गात सीरत शिकवताना कितीदा सांगितलं असेल. पण घरातल्या लेकीच्या केसांकडे बघताना मात्र मला ते आठवलं नाही.

त्या स्थळाकडून पुढे निरोप आला नाही. त्याचं कारण काय ते आम्हाला माहीत नाही. केस तर त्यांनी पाहिलेच नव्हते. भाचीने दुसऱ्या दिवशी केस खांद्यापर्यंत कापून घेतले. आता ती ते ओले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवते, थोडा कंडिशनर राहू देते आणि आपोआप सुकू देते. छान गोल वळणं पडतात. स्ट्रेटनर तिने टाकून दिला नाही. या ईदला तिने तो वापरला, १८० अंशांवर, केस पूर्ण सुकवून, जोहर पढून झाल्यावर. मी बाजूला बसून बघत होते. मला म्हणाली, "खाला, आज मजा म्हणून केलंय हं."

मला तेवढंच हवं होतं. मजा म्हणून करावं, भीतीने करू नये.

भगिनींनो, एक काम करा. आज रात्री आपल्या लेकीची वेणी घालायला बसाल, तेव्हा तिच्या केसांविषयी एक चांगला शब्द बोला. ते सरळ असोत, कुरळे असोत, दाट असोत की विरळ. ते आपल्या रबनेच दिलेले आहेत. मग तिला मशीन घ्यायची असेल तर खुशाल घेऊन द्या, हा लेख तिच्या हातात द्या आणि पहिल्या वेळी तिच्याजवळ बसा.

अल्लाह आपल्या लेकींना सुंदर दिसण्याबरोबर स्वतःवर समाधानी राहण्याची तौफिक देवो. आमीन.